यू-बोल्टवरचा पिवळा रंग

— नाही भाऊ, ते खोकं पहिले बंद करा. किट आहे, मले दिसून राह्यलं किट आहे. वर जीपचं चित्र, दगडावर चढलेली, आन आत चार शॉकअप, चार शॅकल आन एक कागद. कागदावर लिहिलं अशीन का सगळ्या जीपले बसते. सगळ्या जीपले बसते म्हणजे कोणत्याच जीपले नीट बसत नाही, एवढं समजून घ्या. तुमी नागपुरात गाडी तीन इंच उचलून घेतली, खालून-वरून रंगवून घेतली, आन आता टिपेश्वरच्या रस्त्यानं स्टेरिंग डुलून राह्यलं, मांगून ठोके येऊन राह्यले, म्हणून पांढरकवड्यात मोहिउद्दीनचं दुकान इचारत आले. होय ना? मंग बसा. टायरवर नका बसू, पँट काळी होईन. तो स्टूल घ्या. भावसिंग — ए भावसिंग, ते पार्ट राहू दे डिझेलमंधी, साहेबाले चहा घेऊन ये. इथचा नको, फाट्यावरचा आण, तो बरा असते. — पाहा, मान बी हलवली नाही, गेला. तसाच आहे तो. बोलत नाही. काम चोख करते.

आता ऐका. तुमच्या नागपूरवाल्या मिस्तरीनं शॉकअप निवडला कसा? मी सांगतो. गाडी उभी होती, त्यानं वरच्या कडीपासून खालच्या कडीपर्यंत टेप लावला, जेवढं माप आलं तेवढ्याचा शॉकअप मागवला. इथंच तं चुकलं. माणूस मांडी घालून बसला आहे आन तुमी त्याच्या पायजम्याचं माप घेऊन राह्यले, असं झालं हे. गाडी जॅकवर घ्या लागते. चाक सोडून द्या लागते, पूर्ण लोंबलं का मोजा. मंग गाडीत माणसं बसवा, चाक वर दाबा, खालचं रबर टेकलं का पुन्हा मोजा. या दोन मापांच्या मंधात जो खेळते, दोन्हीकडं थोडी जागा राखून, तो तुमचा शॉकअप. आखूड असला तं लोंबलेलं चाक त्याच्याच जिवावर टांगलं जाते, एक दिवस कडी तुटते. लांब असला तं चाक वर टेकाच्या आधीच तो बंद होते — तोच तुमचा ठोका. बरं, लांब शॉकअप घेतला तं चाक जास्त लोंबते, मंग ब्रेकचा होज आखूड पडते. होज नाही बदलला तं नाल्यात उतरताना चाक ब्रेकच्या पाइपवर लटकून राह्यलं. शॅकल, म्हणजे पाट्यांची कमान ज्याच्यावर टांगते त्या पट्ट्या, लांब केल्या, तं एक्सल थोडा फिरते, त्याच्याखाली पाचर द्या लागते. ती दिली नाही म्हणून स्टेरिंग डुलते. एक वस्तू बदलली का तिच्या शेजारची बदला लागते, मंग तिच्या शेजारची. हे खोक्यात नाही भेटत. हे खाली झोपून भेटते.

आन यू-बोल्ट? जुनेच ठेवले? मले वाटलंच. अहो, कमानीले एक्सलशी बांधून ठेवणारी वस्तू तेवढीच आहे. तुमी कमानीत पाटा वाढवला, थप्पी जाड झाली, जुना यू-बोल्ट वर जेमतेम पुरून राह्यला, नटाले चार आटे बी भेटत नाही. नवे घ्या, लांब घ्या. आन एकदा कसले म्हणजे झालं नाही — नवे पाटे बसाले शंभर-दीडशे किलोमीटर लागते, पाटे बसले का यू-बोल्ट ढिला पडते. पुन्हा कसा लागते. पाना लावून. नुसतं पाहून नाही, पाना लावून.

थांबा, पाहतो. गुडघे दुखते माह्ये, पण पाहतो. — हं. हा लाल रंग कोणी मारला? नटावर मारला, आट्यावर मारला, सगळीकडं. दिसाले छान दिसते म्हणता. असन. पहिलं काम मी हा रंग खरवडीन, तारेच्या ब्रशानं, एक-एक नट उघडा करीन, मंग पाना लावीन. नाही म्हणत असान तं आत्ताच गाडी न्या, चहा पिऊन जा, राग नाही. — नवीन रंग आहे, माहीत आहे मले. तोही नवीनच होता.

कोणता काय, कोणताच नाही. जाऊ द्या.

— भावसिंग गेला ना? फाट्यापर्यंत जाईन, येईन, बराच वेळ लागते त्याले, हळू चालते आता. तुमी नका असं पाहू. तुमी उद्या नागपूरले असान, तुमाले सांगतलं काय आन न सांगतलं काय. तीन वर्षं झाले, मी कोणाले सांगतलं नाही. बायकोले बी नाही. गौहर इचारते कधी-कधी, शुक्रवारी दुकान काहून उघडत नाही आता, अर्धा दिवस तरी उघडत जा. मी म्हणतो वय झालं.

भावसिंग बंजारा आहे. तिकडं नाल्यापलीकडं त्याचा तांडा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलुखभर हिंडे, हे तो लय अभिमानानं सांगे. बापाच्या काळात दोन बैल उरले, ते बी इकले, आन भावसिंगनं जुनी जीप घेतली. तांड्यातल्या लोकाइले पांढरकवड्याले आणे-नेई. मंधात तो नाला, हे एवढाले धोंडे, गाडी खालून घासे. म्हणून माह्याकडं आणली. म्हणे भाई, उचलून दे, पण सोळा माणसं बसतीन असं दे. मी दिलं करून. खोटं नाही सांगत भाऊ, तसं काम मी आधी केलं नव्हतं, नंतर बी नाही. चार दिवस नुसती मापं घेतली. तांड्यातून माणसं बोलावून गाडीत बसवली, बाया हासून राह्यल्या, का हे मोहिउद्दीनभाई फोटो काढून राह्यले का काय. एक सूत इकडं, दोन सूत तिकडं — इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे सूत — सगळं कागदावर. दुकानातला एक शॉकअप जमला नाही, तं दुसऱ्या गाडीचा हुडकून आणला, ना कडी कापली ना कोठी जोड दिला, जसाच्या तसा बसला. लांब होज दिला. पाचरी बी घरीच घासून केल्या. यू-बोल्ट कोरे. आन नट कसून झाला का त्याच्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ, नटावरून आट्यावर, सलग. नट तिळभर फिरला तरी रेघ तुटते, लगेच समजते. माह्या उस्तादानं मले शिकवलं, मी भावसिंगले शिकवलं. म्हटलं सकाळी उठून रेघ पाहत जाय, रेघ साबूत तं काही भेव नाही, तरी दीडशे किलोमीटरले गाडी आण, मी पाना मारून देतो.

मंग पोळा आला. तुमाले पोळा सांगा लागत नाही. तांड्यात ज्याच्या घरी बैल, त्यानं बैल धुतले, शिंगं रंगवली. भावसिंगच्या घरी बैल कोठी? त्याची पोट्टी आहे सोनू, तवा नऊ वर्षांची, ती म्हणे आपला बैल म्हणजे जीप. बस, ठरलं. जीप धुतली. आजाच्या बैलाची घागरमाळ जपून ठेवली होती, ती बंपरले बांधली. भावसिंगच्या बायकोनं, मानीबाईनं, जीपले ओवाळलं, पुरणाची पोळी बॉनेटवर ठेवली. आन सोनू डबा आन ब्रश घेऊन खाली घुसली. पिवळा ऑइलपेंट. पाटे, शॅकल, यू-बोल्ट, एक-एक नट — शिंगं रंगवतात ना, तसं मन लावून. माही रेघ गेली त्याच्याखाली. लेकराले काय माहीत रेघ कोणती? बापानं पाह्यलं, हासला, फोटो काढला. त्याले बी सुचलं नाही. सणाचा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आन भावसिंग आला, हे लक्षात ठेवा तुमी. किलोमीटर पुरे झाले म्हणून तो सांगतल्यासारखा बरोबर आला. मी नमाजले निघालो होतो. आंघोळ झालेली, पांढरा कुर्ता, गौहरनं कडक इस्त्री करून दिलेला, अत्तर लावलेलं. तो म्हणे भाई, पाना मारून दे. म्हटलं थांब, नमाज पढून येतो. तो म्हणे गाडीत माणसं आहेत, थांबता येत नाही, उद्या सासूले डोळ्याच्या डॉक्टरकडं आणाचं आहे, उद्या येऊ का? मी म्हटलं कायले उद्या, आत्ताच पाहतो. आन पाह्यलं. असं, हे असं — गुडघ्यावर हात ठेवून, कुर्ता मांगून धरून, उभ्या-उभ्या वाकलो. रंग अजून चिकट होता, खाली झोपलो असतो तं कुर्ता पिवळा झाला असता. नजर टाकली. नटावरून आट्यावर सलग पिवळं, कोठी तडा नाही. डोळ्याले रेघेची सवय ना. सलग दिसलं का डोळा म्हणते बरोबर आहे. म्हटलं जाय, ठीक आहे. गाडीले थाप मारली, बैलाले मारते तशी. सोनू मांगं बसून होती. मले म्हणे चाचा, चांगली दिसते ना? म्हटलं लय चांगली दिसते बेटा.

ढिला झालेल्या नटावरच रंग मारला होता भाऊ. पोळ्याच्या सकाळी रेघ पाहून झाल्यावर एखाद्या फेरीत नट सुटला असन, मंग त्याच्यावर रंग चढला. तडा जाईन कोठून?

शनिवारी सकाळी तो आन त्याची सासू हंसाबाई, दोघंच. म्हातारी पुढं बसली होती, लेकाच्या बाजूले बसल्यासारखी जावयाच्या बाजूले बसे ती, लय जीव होता तिचा त्याच्यावर. नाल्यात उतरताना डाव्या अंगाची कमान सरकली, एक्सल मांगं गेला, गाडी आपोआप डावीकडं ओढली आन धोंड्यावर चढून उलटी झाली. त्याचा खांदा गेला. म्हातारी खाली सापडली. — नाही, जोरात नव्हती हो गाडी. चालत्या माणसाच्या चालीनं उतरत होता. तांड्यात कोणी म्हणे पिऊन होता. तो चहाच्या पलीकडं काही घेत नाही. पोलिसाइनं इचारलं, तं त्यानं एकच सांगतलं — माह्याच हातून सुटली. तसंच लिहिलं गेलं.

गाडी ओढून आणाले मीच गेलतो, ट्रॅक्टर घेऊन. नाल्यात बसून पाह्यलं. आन पाह्यल्याबरोबर समजलं. तिथंच पाना काढला आन तो यू-बोल्ट खोलून खिशात टाकला, कोणी पाहाच्या आत. आपला दोस्त काठावर बसून आहे, हात गळ्यात बांधला आहे, त्याची सासू दवाखान्यातून पोस्टमार्टेमले गेली आहे, आन मी खिशात नट लपवून राह्यलो. असा माणूस आहे मी. तुमी माह्याकडं विश्वासानं गाडी आणली ना, म्हणून सांगतो.

दाखवतो, थांबा. या डब्यात आहे, बिस्किटाच्या. — हा. हातात घ्या. हे इथं पाहा, नटाच्या खालच्या अंगाले, जिथं तो प्लेटीले टेकते. पिवळा आतमंधी उतरला आहे. नट टेकलेला असता तं तिथं रंग जाऊच शकत नव्हता. दोन सूत फट होती. लेकराचा ब्रश त्या फटीत गेला, आन तीस वर्षांच्या मिस्तरीची नजर नाही गेली. पाना लावला असता तं चौथाई फेऱ्यात समजलं असतं.

तवापासून मानीबाई त्याच्याशी बोलत नाही. घर सोडलं नाही तिनं, भाकर टाकते, कपडे धुते, पण बोलत नाही. आई गेली तिची, त्याच्या हातानं गेली, असं तिनं मनात धरलं. सोनूच्या तोंडून निरोप जाते. सोनू, तुह्या बापाले सांग भाकर वाढली. सोनू, तुह्या आईले सांग मी निघालो. एका खोलीत, समोरासमोर. तीन वर्षं. मी गेलतो एकदा, माह्या समोर झालं हे. जीप भंगारात गेली, तो स्टेरिंगले पुन्हा हात लावत नाही. म्हणून मी त्याले इथं ठेवलं, पार्ट धुवाले. लोकं म्हणतात मोहिउद्दीनभाईनं दोस्ती निभावली. मशिदीत बी म्हणतात. मी ऐकून घेतो. खाली मान घालून ऐकतो, तं त्याहीले वाटते नम्र आहे.

सांगू शकत होतो, हो. तुमी म्हणाच्या आधीच म्हणतो. मानीबाईले जाऊन सांगतलं असतं का तुह्या नवऱ्याची चूक नाही, नट ढिला होता, तं ती बोलली असती त्याच्याशी. पण मंग ती इचारीन नट दिसला काहून नाही. रंग होता. रंग कोणी मारला? मंग ते सोनूवर जाते. सोनूनं तो फोटो वहीत चिकटवला आहे भाऊ. ती अजून मैत्रिणीइले दाखवते, का आमच्या जीपसारखा सजवलेला बैल तांड्यात झाला नाही. आजी त्या फोटोत आहे, बॉनेटजवळ उभी. त्या लेकराले कसं सांगाचं? म्हणून मी सोनूसाठी गप आहे. असं मी म्हणतो. रोज म्हणतो. पण खरं सांगू? रंगाचं नाव न काढता बी सांगता आलं असतं. मोहिउद्दीननं पाना लावला नाही. बस, चार शब्द. ते बी तोंडातून निघाले नाही. मले भेव वाटलं, का मंग या दुकानात कोण येईन. कुर्ता बी अजून आहे घरी, पांढराच्या पांढरा, एक डाग नाही त्याच्यावर.

— काय झालं? मांगं काय पाहून राह्यले?

भावसिंग.

कवा आला तू? — फाट्यावरचं बंद होतं. हं. मंग इथचाच आणला, बरं केलं. कवाचा उभा आहे? ते गिलास ठेव ना खाली, हात भाजून राह्यला तुहा. ठेव.

हो. तोच आहे. डाव्या अंगाचा. — नाही लावला पाना. पाहून पाठवलं तुले. कुर्ता होता ना पांढरा. — भावसिंग, बस तू. खाली बस. मी आजच येतो तांड्यात, आत्ताच येतो तुह्यासोबत, मानीबाईले माह्या तोंडानं सांगतो, का तुह्या नवऱ्यानं काही केलं नाही, या मोहिउद्दीननं —

काय म्हटलं तू?

तुले माहीत होतं.

कवापासून? — नाल्यातच. मी पोचाच्या आधी. तुटलेल्या खांद्यानं वाकून पाह्यलं तू. आन मले खोलताना बी पाह्यलं, खिशात टाकताना. आन तरी रोज येऊन इथं... मंग पोलिसाइले कायले सांगतलं, का माह्याच हातून —

सोनू. हं.

नाही, नाही सांगत. सोनूले नाही सांगत. पण मानीबाईले तरी, भावसिंग. मी रंगाचं काढणारच नाही, नुसतं पान्याचं — हो. ती इचारीन, दिसलं काहून नाही. हो, इचारीनच ती. — बरं. तिले बी नाही. कोणालेच नाही. तू म्हणतो तसं. हे... हे घेतो का तू? — डब्यात. बरं. डब्यातच ठेवतो.

कोठी चालला? अरे राहू दे, मी करतो ते, तुह्या खांद्याले जमत नाही खाली झोपाले. भावसिंग. ब्रश दे इकडं.

— गेला. तुमच्याच गाडीखाली आहे. ऐकू येते ना, खरवडून राह्यला. नटावरचा रंग काढून राह्यला तो. तुमी काही बोलू नका आता. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला. मी बी काही बोलत नाही.